ठरलेलं काहीच नसतं, तेव्हा माइक कुठे ठेवायचा?

जागेवर सुचेल ते वाजवणारे, देशोदेशीच्या वादकांचे जॅझ चमू आणि त्यांचं थेट ध्वनिमुद्रण हा या वेळच्या सदराचा विषय. सांगली-सातारा भागातून आलेली निम्मी पत्रं ऐकणाऱ्यांची आहेत, निम्मी रेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्यांची. दुसऱ्यांची आधी घेतली आहेत, कारण त्यातल्या एकांचा कार्यक्रम तोंडावर आलाय.

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमच्याकडे पाच जणांचा चमू येतोय. सॅक्सोफोनवाला हॉलंडचा, डबल बासवाला नॉर्वेचा, ड्रम्सवर जपानी वादक, पियानो मुंबईचा आणि सतार मिरजेची. नाट्यगृह साडेतीनशे खुर्च्यांचं. चार चॅनेलचा रेकॉर्डर आणि दोन कंडेन्सर माइक आहेत. काय वाजवणार विचारलं तर ‘ठरलेलं नाही’ म्हणाले. माइक कुठे लावू? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आधी वादक कुठे बसणार ते ठरवा, माइकचं नंतर बघू. दोन माइक असले की मिक्सिंग खुर्च्या सरकवूनच होतं. पाचही जण अर्धवर्तुळात, एकूण वीस फुटांच्या आत बसवा. नाटकाच्या मंचाची पूर्ण रुंदी वापरायचा मोह होतो, तो टाळा. हे लोक एकमेकांच्या नजरेवर आणि श्वासावर वाजवतात. लांब बसवले की त्यांना मॉनिटर, म्हणजे एकमेकांचं ऐकायला मंचावर ठेवलेले स्पीकर, लागतात, आणि मॉनिटर आले की त्यांचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतो.

प्रेक्षकांच्या डावीकडे पियानो, झाकण प्रेक्षकांकडे उघडणारं आणि अर्धंच वर. पियानोच्या पोटात जिथे वळण येतं तिथे बास. ड्रम्स मध्यावर, मागच्या पडद्यापासून चार-पाच फूट पुढे. उजवीकडे सॅक्सोफोन, ड्रम्सच्या जवळपास रांगेत. सतार सगळ्यात पुढे, फूट-दीड फूट उंच चौकीवर.

आता माइक. दोन्ही कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे, असतील तर ओआरटीएफ पद्धतीने लावा. फ्रेंच रेडिओची ही जुनी मांडणी आहे : दोन माइकच्या तोंडांमध्ये १७ सेंमी अंतर, तोंडं बाहेरच्या बाजूला, मधला कोन ११० अंश. पट्टी आणि कोनमापक घेऊनच बसा, अंदाजपंचे नको. वादकांचा पसारा जेवढा, त्याच्या निम्म्याच्या आसपास अंतर ठेवा, म्हणजे वीस फुटांना नऊ ते दहा फूट. उंची आठ-नऊ फूट, तोंडं किंचित खाली. यासाठी पहिल्या रांगेतल्या चार-पाच खुर्च्या काढाव्या लागतील. ते नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाशी आधीच बोलून ठेवा, त्या दिवशी ऐनवेळी कोणी ऐकत नाही. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा, केबल चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा.

मांडणी बरोबर आहे का हे तपासायला एकाला मंचावर डावीकडून उजवीकडे टाळ्या वाजवत चालायला सांगा आणि हेडफोन लावून ऐका. टाळी सारख्या वेगाने सरकली पाहिजे. मध्ये येऊन एकदम दुसऱ्या टोकाला उडी मारत असेल तर मधला कोन किंवा अंतर जास्त झालंय. सगळं मध्येच गोळा होत असेल तर स्टँड पुढे घ्या.

उरलेल्या दोन चॅनेलवर आणखी दोन माइक कुणाकडून तरी आणा, एक सतारीला (त्याचं पुढच्या उत्तरात) आणि एक बासला. बास बुडतोच. टोरंटोच्या मॅसी हॉलमध्ये १५ मे १९५३ला अमेरिकी जॅझवादक चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच एकत्र वाजवले. त्या टेपवर बास इतका अस्पष्ट आला होता की मिंगसने नंतर न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा बास त्यावर पुन्हा वाजवून भरला. घोडीपासून सात-आठ इंचांवर, एफच्या आकाराच्या छिद्राच्या थोडं वर माइक धरा. छिद्राच्या अगदी समोर लावलात तर नुसता घुमारा येतो.

पंख्यांचं काय? मंचावरचे बंद, प्रेक्षागृहातले चालू. एप्रिलमध्ये सांगलीकर पंख्याविना बसणार नाहीत आणि बसवूही नयेत. माइकवर फोम चढवा. पंख्याची घरघर काढायला मुख्य जोडीवर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे खर्जाचे आवाज कापणारी चाळणी) लावा असा सल्ला मिळेल, तो मात्र मानू नका. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर बोलते, घरघरीबरोबर तिचा पायाच कापला जाईल.

प्रश्न : सतार आणि ड्रम्स एकत्र असले की रेकॉर्डिंगमध्ये सतार दिसेनाशी होते. माइक जवळ नेला तर किरकिरते. (सतारमेकर गल्लीजवळ, मिरज)

उत्तर : माइक भोपळ्यासमोर नको, घोडीवर सरळ रोखूनही नको. घोडी आणि शेवटचा पडदा यांच्या मधोमध, दहा-बारा इंचांवर, थोडा वरून खाली बघणारा. तरीही मिजराबीचा टकटक आवाज जास्त वाटला तर माइक वादकाच्या डाव्या हाताकडे तीन-चार इंच सरकवा. माइकची पाठ ड्रम्सकडे हवी. कार्डिऑइड माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो.

किरकिरीचं दुसरं कारण जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला दिलेली झणकार. खुली जवारी बैठकीत छान वाटते, पण दहा इंचांवरच्या कंडेन्सरला ती झांजेसारखी ऐकू येते, आणि शेजारी खरोखरची झांज चालू असते. तुमच्या गल्लीत जवारी काढणारे हात आहेत, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी थोडी बंद करून घ्या. आदल्या दिवशी नको, नव्या घासलेल्या घोडीवर तारा बसायला वेळ लागतो.

तरफांचा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारांचा, प्रश्न वेगळा आहे. त्या ड्रम्सच्या आणि बासच्या आवाजानेही आपोआप थरथरतात. रागदारीत त्या त्या रागाच्या सुरांना लावलेल्या असतात, इथे राग नाही. पियानोवादकाबरोबर बसून सा कुठल्या पट्टीला धरायचा ते ठरवा आणि नको असलेल्या सुरांच्या तरफांवर मऊ फडक्याची पट्टी ओवून ठेवा. सहज काढता येते.

मिक्सिंग करताना लक्षात ठेवा : जवळच्या माइकला सतार आधी पोचते, समोरच्या जोडीला नंतर. आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. अंतर साडेतीन मीटर असेल तर सतारीचा ट्रॅक १० मिलिसेकंद उशिरा वाजेल असा सरकवा. नाही तर सतार पोकळ, डब्यात वाजल्यासारखी येते आणि लोक माइकला दोष देतात.

प्रश्न : साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेतली. आवाज एकदम स्वच्छ, पण ड्रम्स जवळजवळ गायब! (तासगाव)

उत्तर : मिक्सरमध्ये तेवढंच असतं जेवढं स्पीकरला द्यावं लागतं. छोट्या हॉलमध्ये ड्रम्स मुळातच मोठे, त्यांना साउंडवाला माइक लावत नाही किंवा फेडर (आवाजाची सरकपट्टी) तळाला ठेवतो. तो त्याच्या जागी बरोबर आहे. मिक्सरची वायर घ्या, पण वेगळ्या ट्रॅकवर, आणि हॉलमधल्या दोन माइकमध्ये चवीपुरती मिसळा. रेकॉर्डरवर इनपुट ‘लाइन’वर ठेवा, ‘माइक’वर राहिला तर पहिल्या मिनिटापासून आवाज फाटलेला असेल.

प्रश्न : साउंडचेकला बरोबर ठेवलेली लेव्हल कार्यक्रमात फाटली. पुढच्या वेळी ऑटो ठेवली, तर शांत जागी पंखा गरजायला लागला. (कराड)

उत्तर : साउंडचेकला कुणी जीव तोडून वाजवत नाही. समोर माणसं आली की हाच चमू सहा ते दहा डेसिबल वर जातो. म्हणून साउंडचेकला सगळ्यांना मिळून अर्धा मिनिट जमेल तेवढं जोरात वाजवायला सांगा आणि तेव्हाचं शिखर −१८ डेसिबलवर ठेवा. कार्यक्रमात ते −१२ ते −८ पर्यंत चढेल, तरी जागा उरते. २४ बिटवर मुद्रण करत असाल तर एवढी जागा सोडण्याने काहीही गमावत नाही. खालची खरखर माइकची आणि हॉलची असते, बिटांची नाही. १६ बिटच्या जमान्यातला ‘काटा लाल रेषेला टेकवा’ हा सल्ला आता विसरा.

एकदा लेव्हल लावली की बटणाला हात लावायचा नाही. या संगीतात कधी पाच मिनिटं नुसतं ब्रशने ड्रमच्या कातड्यावर घासणं चालतं, मग एकदम सगळे तुटून पडतात. तो फरक वादकांनी केलेला आहे, तुम्ही हाताने सपाट केलात तर मुद्रण कशाचं केलंत? ऑटो लेव्हल हेच करते : शांततेत कान ताणून पंखा वर आणते, आणि पहिल्या ठोक्याला घाबरून सगळंच खाली दाबते.

३२ बिट फ्लोट (फार मोठा आवाजही न फाटता साठवणारा) रेकॉर्डर असेल तर फाटण्याची भीती पुष्कळ कमी, पण संपत नाही. रेकॉर्डर वाचला तरी माइकची स्वतःची मर्यादा असते. सॅक्सोफोनच्या तोंडाशी माइक लावणार असाल तर माइकवरचं −१० डेसिबलचं पॅड, म्हणजे आवाज खाली आणणारं बटण, चालू करा.

कार्डाचा हिशेब : २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन ट्रॅक म्हणजे तासाला १ जीबीच्या किंचित वर, चार ट्रॅक म्हणजे २. चार जीबीला बरेच रेकॉर्डर फाइल तोडून नवी सुरू करतात. दोन्ही तुकडे जोडताना मध्ये शांतता घालू नका, टोकाला टोक लावा.

प्रश्न : मध्येच लाइट गेली आणि फाइल शून्य बाइटची दिसते. गेलं का सगळं? (विटा)

उत्तर : बहुतेक नाही. वेव्ह फाइलच्या डोक्यावर तिची लांबी लिहिलेली असते, ती ‘स्टॉप’ दाबल्यावर भरली जाते. वीज गेली तर मजकूर कार्डावर असतो, लांबी कोरी. त्या कार्डावर पुढे काहीही मुद्रित करू नका. फाइल परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरने आधी ती बाहेर काढा, मग ऑडॅसिटीमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून आत घ्या : २४ बिट, लिटल एंडियन, दोन चॅनेल, ४८०००. नुसता खरखराट आला तर सुरुवात एक किंवा दोन बाइट पुढे सरकवा. २४ बिटचा एक नमुना तीन बाइटचा असतो, चुकीच्या बाइटपासून वाचला की संगीताचा खरखराट होतो.

पुढच्या वेळी रेकॉर्डर सेलवर चालवा. माइकना फँटम पॉवर (रेकॉर्डरमधून केबलवाटे जाणारी वीज) दिली की पेन्सिल सेल फार लवकर उतरतात, मध्यंतराला न बघता बदला. लाइट जाणं ही आपलीच मक्तेदारी नाही. २५ जून १९६१ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रिकुटाचं मुद्रण चालू असताना पहिल्याच तुकड्यात वीज गेली आणि आवाज तुटला. २००५मध्ये त्या दिवसाचा संपूर्ण संच निघाला, त्यात तो तुटका तुकडाही तसाच ठेवलाय. त्रिकुटातला बासवादक स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला, त्यामुळे त्या दिवसाचा शब्दन्‌शब्द, ग्लास आपटल्याचे आवाजसुद्धा, लोक जपून ऐकतात.

प्रश्न : अमेरिकी जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख ड्यूक एलिंग्टन याच्या न्यूपोर्ट महोत्सवातल्या १९५६च्या मैफलीच्या दोन सीडी आहेत. जुनीत सॅक्सोफोन विंगेतून आल्यासारखा, नवीत समोर, शिवाय स्टीरिओ. १९५६चं मोनो स्टीरिओ कसं झालं? संगणकाची करामत? (सदर बझार, सातारा)

उत्तर : करामत थोडी, नशीब जास्त. ७ जुलै १९५६च्या रात्री त्या मंचावर दोन वेगळ्या यंत्रणांचे माइक होते, एक कोलंबिया कंपनीचा आणि दुसरा व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा. एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला पॉल गोन्साल्वेस टेनर सॅक्सोफोन घेऊन पुढे आला आणि ब्लूजची २७ आवर्तनं सलग वाजवला, पण उभा राहिला रेडिओच्या माइकसमोर. कोलंबियाच्या टेपवर तो लांबूनच आला. त्यातच कंपनीने त्याच वर्षी जी तबकडी काढली तिच्यातला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चिकटवून भरलेला होता. ती तुमची जुनी सीडी.

१९९०च्या दशकात रेडिओची टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. एकाच क्षणाची, दोन वेगळ्या जागांवरून घेतलेली दोन मोनो मुद्रणं. एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवलं की खरंखुरं स्टीरिओ. अडचण एवढीच की दोन टेपयंत्रांचा वेग कधी तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे टेपा पुन्हा पुन्हा जुळवत न्याव्या लागल्या. १९९९मध्ये दोन सीडींचा संपूर्ण संच आला, ती तुमची नवी.

तुमच्या उपयोगाचं यात असं की दुसरा, पूर्ण स्वतंत्र रेकॉर्डर हवाच. वेगळे सेल, वेगळे माइक, वेगळी जागा. त्याच मिक्सरमधून वायर घेतलेला दुसरा रेकॉर्डर हा दुसरा नव्हे. आणि वेगाची अडचण डिजिटलमध्येही आहे. दोन रेकॉर्डरच्या घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा. कार्यक्रमाच्या आधी मंचाच्या मधोमध एक टाळी, संपल्यावर त्याच जागी दुसरी. पहिल्या टाळीवर फाइली जुळवा, दुसऱ्या टाळीपर्यंत फरक किती पडला ते मोजा आणि दुसरी फाइल तेवढीच ताणा किंवा आवळा. पहिली टाळी वाजवून दुसरी विसरणारेच जास्त.

प्रश्न : जर्मन सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमानच्या चमूचं १९६८चं ‘मशीन गन’ ऐकलं. रेकॉर्डिंग बिघडलंय की वादनच असं आहे? (मिरज)

उत्तर : वादनच असं आहे. पाच देशांचे आठ जण : जर्मनीचे तिघे, हॉलंडचे दोघे, बेल्जियम, ब्रिटन आणि स्वीडनचा एकेक. तीन सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रम्स, एक पियानो. ब्रेमेनच्या लीला ऑइले या क्लबात मे १९६८मध्ये मुद्रण झालं आणि ब्रॉट्झमानने स्वतःच ३०० प्रती काढल्या. सगळं एकदम ऐकायला गेलात तर भिंत लागते. पहिल्या ऐकण्यात फक्त पियानो धरा, तो कुठे बुडतो आणि कुठे डोकं वर काढतो एवढंच बघा. दुसऱ्यांदा ड्रम्स. आलाप-जोड-झाला असा चढ शोधू नका, इथे सुरुवातच ‘झाला’ने होते.

प्रश्न : वडिलांनी मुंबईच्या जॅझ यात्रेत ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट सापडल्या. कशा उतरवायच्या? यूट्यूबवर टाकू का? (वाई)

उत्तर : जॅझ यात्रा १९७८ला सुरू झाली, म्हणजे कॅसेट चाळीसेक वर्षांच्या. वाईचा पावसाळा लक्षात घेता आधी बुरशी बघा. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, बाकीच्यांना लागण होते. दाबपट्टी, म्हणजे पुढच्या बाजूचा फोमचा चौकोनी तुकडा, गळून पडला असेल तर टेप स्क्रूवाल्या नव्या कवचात बसवा. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, मगच वाजवा.

आवाज दबका वाटला तर लगेच इक्वलायझरकडे धावू नका. दोन्ही चॅनेल मोनो करा आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवत झांजा सर्वांत लखलखीत होतील तिथे थांबा. ज्या डेकवर मुद्रण झालं त्याचं हेड तिरकं असेल तर तुमचंही तितकंच तिरकं करावं लागतं. वेग तपासायला काही जण टेपवरच्या ५० हर्ट्झच्या घूं आवाजाचा आधार घेतात. पण त्या काळी आपल्याकडे विजेची वारंवारता बरीच खाली-वर व्हायची, त्यापेक्षा पियानोचा ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झला जुळवा.

यूट्यूबचं उत्तर : घरी ऐका, अभ्यासाला वापरा, जाहीर टाकायचं तर वादकांची किंवा वारसांची परवानगी घ्या. आपल्या कायद्यात कलाकाराचा हक्क कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं राहतो.

प्रश्न : उत्स्फूर्त वादनाचे तुकडे कसे पाडायचे, नावं काय द्यायची आणि कंटाळवाणी दहा मिनिटं कापली तर चालेल का? (कोरेगाव)

उत्तर : मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. कापायचं तर चमूला विचारून आणि फक्त जिथे वादक खरंच थांबले तिथे. मधून दहा मिनिटं काढली की अकराव्या मिनिटाला सॅक्सोफोन ज्याला उत्तर देतोय ते वाक्यच गायब होतं. कंटाळा तुम्हाला आलाय की वादनात आहे, हे आठवड्यानंतर पुन्हा ऐकून ठरवा.

नावांचा बाऊ नको. पियानोवादक कीथ जॅरेटने २४ जानेवारी १९७५ला कोलोनमध्ये एकट्याने वाजवलेल्या मैफलीच्या भागांना भाग १, भाग २ अ, २ ब, २ क एवढीच नावं आहेत. ती मैफल मार्टिन वीलांड या तंत्रज्ञाने दोन माइकवर मुद्रित केली, आणि पियानो चुकीचा, कमजोर आल्याने जॅरेट मुख्यतः मधल्या पट्ट्यांत राहिला.

परवानगी कार्यक्रमाआधी घ्या, पाचही जणांची, प्रत्येकाची वेगळी सही. चमूप्रमुखाची एकच सही पुरत नाही, कारण इथे पाचही जण संगीतकार आहेत. स्वरलिपीत लिहिलं नाही म्हणून संगीतकार ठरत नाही असं आपला कायदा म्हणत नाही. कागदावर मुद्रण कुठे वापरणार, पैसे आले तर कसे वाटणार आणि कापाकापीचा शेवटचा शब्द कुणाचा, एवढं असू द्या.

टाळ्या आठ-दहा सेकंद ठेवून हळूहळू उतरवा. आणि वादक मंचावर यायच्या आधी रिकाम्या हॉलची एक मिनिट शांतता मुद्रित करून ठेवा, पंख्यासकट. दोन तुकडे सांधताना तीच लागते.